तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र: कोल्हापुरातल्या एका लहान कॉलेजातली बी.ए.

बारावी आर्ट्सनंतर कोल्हापुरात काय घ्यावं, असं गावाकडची पोरं-पोरी मला विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र, तिन्ही एकत्र घ्या, आणि जमत असेल तर लहान कॉलेजात घ्या. मी २०१६ ते २०१९ या काळात हेच शिकले. आता राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिव म्हणून काम करते. या शिक्षणाचा मला रोज उपयोग होतो, म्हणून त्याबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, आणि ज्यांनी मला शिकवलं त्यातली काही माणसं अजून तिथेच आहेत. एवढं सांगते की ते शहराच्या जुन्या भागात आहे, रंकाळा स्टँडवर उतरून चालत जाता येतं. दुमजली इमारत, मैदान नाही, कँटीन म्हणजे गेटबाहेरचा चहाचा गाडा. कॉमर्सचे वर्ग भरलेले असायचे. आर्ट्सला गर्दी कमी, आणि तत्त्वज्ञानाच्या तासाला तर पुढच्या दोन बाकांत अख्खा वर्ग मावायचा. माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी सोय ठरली.

प्रवेश घेताना आबांचं म्हणणं होतं, "बी.ए. करून काय हुतंय? त्यापेक्षा डी.एड. तरी कर." त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे बी.ए. म्हणजे काहीच नाही मिळालं तर घ्यायची पदवी, असाच समज आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती तशीच शिकवली जाते. विषय वेगवेगळ्या कप्प्यांत. अर्थशास्त्रात मागणीचा नियम पाठ करायचा, राज्यशास्त्रात राज्यघटनेची वैशिष्ट्यं, तत्त्वज्ञानात प्लेटोचे विचार, आणि परीक्षेत तिन्ही उतरवून मोकळं व्हायचं. असं शिकायचं असेल तर हे तीन विषय घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एकच प्रश्न तिन्ही बाजूंनी तपासला जातो तेव्हा या जोडणीची खरी किंमत कळते.

ही जोडणी मुळात ऑक्सफर्डची. तिथे १९२० साली बेलिअल कॉलेजातून तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र असा एकत्र अभ्यासक्रम सुरू झाला. तोवर तिथे ग्रीक-लॅटिन शिकलेली माणसं कारभारात जायची. आधुनिक कारभाराला आधुनिक विषय हवेत, हा त्यामागचा विचार. हॅरल्ड विल्सन, डेव्हिड कॅमेरून, ऋषी सुनक हे ब्रिटनचे पंतप्रधान तिथूनच शिकून गेले, बेनझीर भुट्टो आणि इम्रान खानही. आणि १९२० हे साल आमच्या भागासाठीही साधं नाही. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. बाबासाहेबांचं शिक्षण पाहा: कोलंबियात मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, आणि जॉन ड्यूईंसारख्या तत्त्वज्ञाकडे शिकणं. मग लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध, आणि पुढे राज्यघटना. हे तीन विषय एका माणसात एकत्र आले की काय होतं याचा दाखला द्यायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही.

आता वर्गात काय व्हायचं ते सांगते.

आमच्या कॉलेजात तिन्ही विषयांचे शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये बसायचे, कारण दुसरी स्टाफरूमच नव्हती. त्यातून शनिवारचा एक तास सुरू झाला. तो वेळापत्रकात नव्हता, त्याचे गुण नव्हते. एक प्रश्न घ्यायचा आणि तिघांनी आपापल्या बाजूनं तो मांडायचा. पोरांनी मध्येच थांबवलं तरी चालायचं. माझी बी.ए. मला खऱ्या अर्थानं त्या तासाला मिळाली.

सगळ्यात लक्षात राहिलेला तास उसाच्या दराचा. मी तिसऱ्या वर्षाला होते. २०१८-१९ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, क्विंटलला २५५ रुपयांवरून २७५ केली होती. गावात सगळीकडे एकच बोलणं, टनाला २०० रुपये वाढले. अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. आधीच्या वर्षी २५५ रुपये हा दर साडेनऊ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) होता आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २.६८ रुपये जादा. नव्या वर्षी २७५ रुपये होते, पण ते दहा टक्के उताऱ्याला, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २.७५ रुपये. मग सर म्हणाले, "आपल्याकडं उतारा साडेबारा धरा आणि करा हिशेब." आम्ही वह्या काढल्या. जुन्या नियमानं वरचे तीन टक्के, म्हणजे ०.१ चे ३० टप्पे, ८०.४० रुपये जादा, एकूण ३३५.४० रुपये क्विंटल. नव्या नियमानं २५ टप्पे, ६८.७५ रुपये जादा, एकूण ३४३.७५. फरक क्विंटलला ८.३५ रुपये, टनाला ८३ रुपये ५० पैसे. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा व्हायची होती. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी ऊस होता. दोनशेचे साडेत्र्याऐंशी कसे झाले ते त्यांनी स्वतःच्या पेनानं काढलं. त्यानंतर कुठलाही सरकारी दर जाहीर झाला की मी आधी त्याचा पाया कुठे धरला आहे ते बघते.

मग राज्यशास्त्राचे सर उठले. हा पाया बदलायचा निर्णय कुणी घेतला? कृषी मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची अर्थविषयक समिती ठरवते, आणि त्याला आधार १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा. त्याच आदेशात ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं, असंही लिहिलेलं आहे. हे व्याज किती जणांच्या घरी आलं, असं सरांनी विचारलं. एकही हात वर आला नाही. मग चर्चा त्यावर गेली: नियम आहे तर तो मिळत का नाही? कारखान्याचा संचालक आणि शेतकऱ्याचा पुढारी एकाच घरातला असेल तर मागायचं कुणाकडे? जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी दराची मागणी ठरते आणि मग रस्त्यावर यावं लागतं, ते का?

शेवटी तत्त्वज्ञानाच्या मॅडम. त्यांनी एवढंच विचारलं, "या सगळ्या हिशेबात कोयता कुठं आहे?" बीडकडून येणारी नवरा-बायकोची जोडी, आमच्याकडे तिला कोयताच म्हणतात, पहाटे थंडीत फडात उतरते. फळ्यावर त्यांचं नाव "तोडणी-वाहतूक वजा" एवढंच होतं. मॅडमनी मग जॉन रॉल्स हा अमेरिकन तत्त्वज्ञ शिकवला. १९७१ साली त्याने मांडलेली कल्पना अशी: समाजाचे नियम ठरवताना आपण कुठल्या घरात जन्माला येणार आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, असं धरायचं. "समजा तुम्हाला माहीत नाही की तुम्ही शिरोळच्या बागायतदाराच्या घरी जन्माला येणार, की कारखान्याच्या चेअरमनच्या, की मुंबईत साखर विकत घेणाऱ्याच्या, की कोयत्याच्या खोपीत. आता वाटा टनाचे पैसे." पंधरा-वीस मिनिटं वर्गात नुसता गलका. आमच्यातला एक पोरगा, ज्याचा बाप मुकादम, तो आधी गप्प होता. मग त्याने उचल कशी देतात, ती पुढच्या हंगामात कशी चढते, आणि एखादी बाई आजारी पडली तर तिचा खाडा कसा कापतात ते सांगितलं. पुस्तकातला रॉल्स मी नंतर वाचला. तो मला समजला तो मात्र त्या पोराच्या बोलण्यातून.

मोठ्या कॉलेजात शंभर पोरांच्या वर्गात हे झालं असतं असं मला वाटत नाही. ऑक्सफर्डची ख्याती ज्या शिकवण्यावर आहे तीही हीच. तिथे एका शिक्षकासमोर दोन-तीन विद्यार्थी आठवड्याला निबंध लिहून आणतात आणि त्यावर वाद घालतात. आमच्याकडे ते योजनेतून आलं नव्हतं, पोरं कमी होती म्हणून झालं. मॅडम आमच्या निबंधांच्या समासात लिहायच्या: "हे तुझं मत की मी सांगितलेलं?" त्या वह्या मी अजून टाकलेल्या नाहीत.

तत्त्वज्ञानाबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण याच विषयाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. पहिल्या वर्षी भारतीय दर्शनं होती आणि त्यात न्यायदर्शन. पाच अवयवांचं अनुमान: प्रतिज्ञा, हेतू (म्हणजे दिलेलं कारण), उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. मॅडमनी मात्र आम्हाला हेत्वाभासांत, म्हणजे वरवर खऱ्या वाटणाऱ्या चुकीच्या कारणांत, गुंतवलं. सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. दर आठवड्याला वर्तमानपत्रातलं एखाद्या पुढाऱ्याचं भाषण कापून आणायचं आणि त्यातली अनुमानं मोकळी करून लिहायची. "हा कारखाना सहकारी आहे, म्हणून तो सभासदांच्या हिताचा आहे." यातला हेतू सव्यभिचार, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारा, कारण सभासदांचं भलं केलेल्या संस्थाही सहकारी आहेत आणि बुडालेल्याही सहकारी आहेत. एकदा ही सवय लागली की माणसाचा आवाज कितीही चढला तरी आपण त्याचा हेतू शोधत बसतो. तीन विषयांपैकी मला रोजच्या कामाला सगळ्यात जास्त कुठला पडला असेल तर हा.

जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञही शिकलो. ज्यामुळे दुसऱ्याला इजा होत नाही तिथवर माणसाला मोकळीक असावी, हे त्याने १८५९ साली मांडलं. आमच्या वर्गात ते महाद्वार रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमवर येऊन थांबलं. वर्गातली दोन पोरं मंडळाची कार्यकर्ती. "वर्षातनं एकदाच असतंय मॅडम," असं त्यांचं. मॅडम म्हणाल्या, "बरं, मग त्या रस्त्यावर घर असलेल्या, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना ते जाऊन सांग, आणि ते काय म्हणाले ते पुढच्या शनिवारी आम्हाला सांग." पोरगा खरंच जाऊन आला. आजोबांनी त्याला सांगितलं की आवाजापेक्षा विचारायला कुणी येत नाही याचं दुःख जास्त. त्यावर पुन्हा तासभर चर्चा: विचारून संमती घेतली तर इजा इजा राहत नाही का?

आणि आरक्षण. तो काळ आठवा. २०१६ च्या ऑक्टोबरात कोल्हापुरात मराठा मोर्चा निघाला, शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. २०१८ च्या नोव्हेंबरात विधिमंडळाने १६ टक्के आरक्षणाचा कायदा केला. पुढे २०२१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आमच्या त्या छोट्या वर्गात मराठा, बौद्ध, मुस्लिम, धनगर, लिंगायत अशी सगळी पोरं होती, आणि बाहेर जे बोललं जात होतं ते आत यायला किती वेळ लागणार? राज्यशास्त्राच्या सरांनी एक नियम घातला. स्वतःचं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि समोरचा "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग त्यांनी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश वाचायला दिला, संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. सरांचा प्रश्न: आदेशात कारण काय दिलं आहे, आकडा का दिला आहे, आणि तो आज वाचताना आपण त्यात काय घालतोय? वर्गात कुणाचंही मत बदललं असेल असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर एकत्र डबा खाणं थांबलं नाही, आणि त्या दिवसांत गावागावांत ते थांबलेलं मी पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. बाबासाहेबांचा १९१८ चा लहान धारण क्षेत्रांवरचा लेख सरांनी मराठीत समजावून दिला. शेतीचे तुकडे लहान आहेत एवढंच दुखणं नाही, शेतीवर पोसली जाणारी माणसं जास्त आहेत, भांडवल आणि अवजारं कमी आहेत. म्हणून इलाज नुसता जमीन एकत्र करण्यात नाही, उद्योग वाढवण्यात आहे, हा त्यातला मुद्दा. मग सरांनी सगळ्यांना घरचा सातबारा आणायला लावला. माझ्या पणजोबांच्या नावावर एकेकाळी असलेली जमीन आज चुलत्यांसकट किती नावांत विभागली आहे ते मी पहिल्यांदा बसून पाहिलं. आमचा तुकडा गुंठ्यांत मोजायचा. शंभर वर्षांपूर्वीचा लेख आणि आमच्या घराचा उतारा एकाच टेबलावर ठेवून वाचला, तेव्हा घरात म्हशी का वाढल्या आणि चुलते इचलकरंजीला मागावर का गेले, त्याचं उत्तर मला मिळालं.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी: तत्त्वज्ञानाच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. कायम पद रिकामं होतं, ते भरलं गेलं नाही. तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन् महिने उशिरा. सुट्टीतले पैसे नाहीत. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्या परत येतील की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पहिले कित्येक आठवडे तो तास रिकामा गेला. एका माणसाच्या जिवावर विषय उभा असेल तर तो माणूस गेल्यावर विषयही जातो. ज्या कॉलेजने माहितीपत्रकात तीन विषय छापले आहेत त्याने तीन शिक्षक उभे करायला हवेत. याबाबतीत मला अजून राग आहे, आणि तो मॅडमच्या बाजूनं आहे.

दुसरी, ग्रंथालय. अर्थशास्त्राची पुस्तकं जुन्या अभ्यासक्रमाची, तत्त्वज्ञानाचं अर्धं कपाट, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते दुपारनंतर भेटायचे नाहीत. शेवटी आम्ही करवीर नगर वाचन मंदिरात जाऊ लागलो. १८५० पासूनचं हे वाचनालय, आणि तिथल्या वाचनकक्षात बसून मी जेवढं वाचलं तेवढं कॉलेजात वाचलं नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातल्या तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्रावरच्या नोंदी परीक्षेच्या गाइडांपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. गाइडं घेऊच नका असं म्हणत नाही, पण आधी नोंद वाचा.

तिसरी तक्रार अर्थशास्त्राबद्दल. गणित जवळजवळ नाही. संख्याशास्त्र नावापुरतं. आलेख काढायचे, पण उतार म्हणजे काय ते कुणी समजावत नाही. पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायला पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जायचं असेल तर कलन आणि संख्याशास्त्र स्वतंत्रपणे शिकावंच लागेल, आणि ते बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून. आमच्या वर्गातली एक हुशार मैत्रीण याच कारणानं अडली. तिची बुद्धी कमी पडली नाही, तिला वेळेत कुणी सांगितलं नाही.

चौथी, तिसऱ्या वर्षी स्पेशल एकच विषय ठेवायचा, बाकीचे दोन सुटतात. मी अर्थशास्त्र ठेवलं. ऑक्सफर्डलाही पहिल्या वर्षानंतर एक विषय सोडता येतो, पण दोन तरी राहतात. आपल्याकडे नेमकी जोडणी जमून येते त्या वर्षी ती मोडते. शनिवारचा तास नसता तर माझ्यासाठी सगळं दुसऱ्या वर्षीच संपलं असतं. आता नवीन शैक्षणिक धोरणानं मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक अशी रचना आली आहे आणि चौथ्या वर्षाचा पर्यायही आहे. म्हणून प्रवेशाआधी विचारायचा पहिला प्रश्न हा: हे तीन विषय एकत्र किती सत्रं ठेवता येतील? आणि तिन्हींचे तास एकमेकांवर येत नाहीत ना? आमच्या वेळी अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकाच वेळी लागलं होतं, आम्हीच अर्ज देऊन ते बदलून घेतलं.

नोकरीचं विचाराल तर सरळ सांगते. या पदवीवर थेट नोकरी कुणी देत नाही. आमच्या वर्गातले काही एलएल.बी.कडे गेले, एक पत्रकारितेत आहे, दोघं-तिघं स्पर्धा परीक्षा देतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यात नीतिशास्त्राचा पेपर आहे, आणि तिथे ज्याने खरंच निबंध लिहिले आहेत त्याला फरक पडतो. पण फक्त परीक्षेसाठी हे विषय घेणार असाल तर पुण्यातले क्लास तुम्हाला तेवढंच थोडक्यात देतील. सोनिपतच्या अशोका विद्यापीठात हीच जोडणी मोठ्या थाटात शिकवतात, पण फी वर्षाला काही लाखांत आहे. आमच्यासारख्यांच्या घरातून तो विषयच निघत नाही. इथे एसटीचा विद्यार्थी पास, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आणि पुस्तकांचा थोडा खर्च, एवढ्यात तीन वर्षं निघतात. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, तोवर फी भरायची सोय घरातून करून ठेवावी लागते.

माझ्या कामात याचा काय उपयोग होतो, हे एका सभेवरून सांगते. मागे वार्षिक सर्वसाधारण सभेत नफ्याचा विषय निघाला. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानं निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, तेवढं सगळ्यांना मान्य. उरलेल्याचं काय? मोठ्या गोठ्याचे सभासद म्हणाले, लिटरवर द्या, ज्याने जास्त दूध घातलं त्याला जास्त. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बायका म्हणाल्या, दिवाळीला सगळ्यांना सारखी भेट द्या. तरुण पोरं म्हणाली, काहीच वाटू नका, कूलर घ्या, संध्याकाळचं दूध नासतंय. आवाज चढले. चेअरमन अण्णांनी मला विचारलं, "पोरी, तू सांग, नियमात काय बसतंय?"

नियमात तिन्ही बसवता येण्यासारखं होतं. मी फळा मागवला. तीन रकाने केले आणि प्रत्येक मागणीखाली लिहिलं: कुणाला किती मिळणार, कशाच्या आधारावर मागितलं जातंय, आणि पुढच्या वर्षी काय होणार. लिटरवर द्यायचं म्हणजे कष्ट आणि भांडवलाप्रमाणे. सारखी भेट म्हणजे सभासद म्हणून सगळे समान. कूलर म्हणजे आजच्या सभासदानं उद्याच्यासाठी सोडायचं. आकडे लिहिल्यावर कळलं की भेटीचा खर्च सगळ्यांना वाटत होता त्यापेक्षा कमी होता आणि नासलेल्या दुधाचं नुकसान जास्त. मग सभेनं लिटरचा दर थोडा कमी धरला, भेट ठेवली आणि कूलरसाठी रक्कम बाजूला काढली. एकटी राहणारी एक काकी सभा संपल्यावर मला म्हणाली, "आज पयल्यांदा माझं म्हणणं फळ्यावर आलं." रॉल्सचं नाव त्या सभेत कुणी घेतलं नाही, घेण्याची गरजही नव्हती.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्याला पाठ करून गुण मिळवायचे आहेत त्याला हे तीन विषय त्रास देतील. ज्याला वादात गप्प बसायला आवडतं त्याला लहान वर्गात लपायला जागा नाही. आणि घरी तीन वर्षं थांबायची अजिबात ऐपत नसेल तर आधी आयटीआय किंवा एखादं कौशल्य शिका, बी.ए. मुक्त विद्यापीठातून पुढे करता येते.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी प्रवेशाच्या खिडकीवर जायच्या आधी स्टाफरूममध्ये जावं. तत्त्वज्ञान कोण शिकवतं, त्यांची नेमणूक कायम आहे की तासिका तत्त्वावर, आणि तिन्ही विषयांचे शिक्षक एकमेकांशी बोलतात का, हे विचारावं. जमलं तर एखादा तास मागच्या बाकावर बसून ऐकावा, कुणी हाकलत नाही. ग्रंथालयाचं कपाट उघडून बघावं. आणि अर्थशास्त्राच्या सरांना विचारावं की गेल्या वर्षी त्यांनी फळ्यावर उसाचा, दुधाचा किंवा सातबाऱ्याचा हिशेब केला का. केला असेल तर बिनधास्त नाव घाला.